आठव्या खिंडीचे नियम

गुन्सान, १४ मार्च

चानसोल ओप्पा,

सख्ख्या भावाला लिहिलेल्या पत्राची सुरुवात कशी करावी, याचा मी तीन दिवस विचार केला. 'प्रिय' लिहिले तर खोटे वाटते, आणि नुसते नाव लिहिणे आपल्या घरात शोभत नाही. म्हणून धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला मारायची ही हाक तेवढी ठेवली आहे. तिच्यात किती जिव्हाळा उरला आहे, हे तुझे तू ठरव.

'आठवी खिंड' हा तुमचा खेळ ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुला होणार, ही बातमी मला वाचनालयात नवी मासिके मांडणीवर लावताना कळली. मुखपृष्ठावर तू होतास. काळा सदरा, हाताची घडी, आणि खाली ठळक अक्षरांत 'मुख्य खेळरचनाकार प्यो चानसोल, वय एकतीस'. आत तुझ्यावर आणि खेळावर मिळून सोळा पाने होती. ती मी उभ्यानेच वाचली. मासिकावर शिक्का मारायचाही राहिला होता.

लेखकाने लिहिले आहे की गेल्या दहा वर्षांत इतक्या आतुरतेने कोणत्याच खेळाची वाट पाहिली गेली नाही. नावनोंदणी सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी अकरा लाख माणसांनी नावे दिली. चित्रे सुंदर आहेत, राक्षस भव्य आहेत, परंतु खरा चमत्कार नियमांत आहे, असे त्याचे म्हणणे. मग त्याने नियम सांगितले आहेत. पाच जणांची टोळी आठ खिंडी ओलांडते. नकाशावर कोणालाही स्वतःची जागा दिसत नाही, फक्त सोबत्यांची दिसते. म्हणून एकमेकांना सतत 'तू इथे आहेस, आता डावीकडे वळ' असे सांगत राहावे लागते. पुलावरचा म्हातारा पैसे घेत नाही, तुमची एक विद्या ठेवून घेतो. आणि समोरून येणाऱ्या कोणा परक्याने ती सोडवून दिली तरच ती परत मिळते. आणि कोणी टोळी अर्ध्यावर सोडून गेला, तर त्याचे ओझे नाहीसे होत नाही. उरलेल्यांच्या पाठीवर ते समान वाटले जाते. ते कोठेही उतरवता येत नाही.

या शेवटच्या नियमाला लेखकाने 'खेळांच्या इतिहासातील सर्वांत माणुसकीचा नियम' म्हटले आहे. तो कसा सुचला, असे त्याने तुला विचारले. तू म्हणालास, "सैन्यात असताना. चाळीस किलोमीटरच्या कूचेत माझ्या पुढचा सैनिक कोसळला. आम्ही त्याची पाठपिशवी वाटून घेतली. तेव्हा."

ओप्पा, विचार तुला सैन्यात मिळाला, हे अगदी खरे आहे. तो टपालाने आला होता.

तू चॉरवॉनच्या छावणीत असताना मी तुला एकेचाळीस पत्रे लिहिली. दर रविवारी एक, आणि प्रत्येकात एक नियम. तू पहिल्या सुट्टीत घरी आलास तेव्हा जेवत नव्हतास, बोलत नव्हतास. बराकीत तुझ्याशी कोण कसे वागते, ते आईला कळू नये म्हणून तू मला गच्चीवर नेऊन सांगितलेस. मी तेव्हा शाळेत होते. मला दुसरे काय करता येत होते? तुला विचार करायला एखादी जागा असावी, म्हणून मी खिंडी रचल्या. नकाशाचा नियम तिसऱ्या पत्रात आहे, कारण तू लिहिले होतेस की तिथे आपण नक्की कुठे आहोत हेच समजत नाही. ओझ्याचा नियम नवव्या पत्रात आहे. त्या नोव्हेंबरात दुकानात विकायच्या किमचीच्या लोणच्यासाठी कोबीचे एकशे चाळीस गड्डे आले होते, आणि तू नसल्यामुळे तुझ्या वाट्याच्या पेट्या आईने आणि मी वाटून घेतल्या होत्या.

उत्तरादाखल तू लिहिले होतेस, "पुढची खिंड लवकर पाठव." आणखी एक वाक्य होते. ते मी इथे उतरवत नाही. तुला ते आठवत असेल तर तुला लाज वाटेल, आठवत नसेल तर मला.

मला राग आलेला नाही. केवळ एक विनंती आहे. खेळाच्या शेवटी करणाऱ्यांची नामावली दाखवतात, आणि ती जुलैअखेर पक्की होते, असे त्याच मासिकात छापले आहे. तीत एक ओळ घाल. 'नियम : प्यो दासोल.' पैसे नकोत, मुलाखत नको. तुझे नाव वर असू दे, माझे खाली.

आईची पाठ बरी आहे. दुकान चालू आहे.

दासोल


गुन्सान, ६ एप्रिल

चानसोल ओप्पा,

तुझा निरोप फोनवर मिळाला. 'बघतो. कामात आहे.' एवढाच मजकूर असल्याने मी तो अनेकदा वाचू शकले.

काल मी तासाच्या भाड्याने संगणक घेऊन पीसी-बांगमध्ये बसले होते. हसू नकोस. वाचनालयातील संगणकावर खेळाची नोंदणी करणे नियमात बसत नाही, आणि घरच्या संगणकात तुमच्या खेळाची चित्रे उघडतसुद्धा नाहीत. मी कोपऱ्यातील जागा मागितली. शेजारी दोघे जण तुमच्या खेळाची जाहिरात पाहत बसले होते. एकाचे केस बारीक कापलेले, अंगावर लष्करी गणवेश. बहुधा सुट्टीवर आलेला. दुसरा गळ्यात कार्यालयाचे ओळखपत्र अडकवलेला, दुपारची जेवणाची सुट्टी तिथेच घालवणारा.

"म्हणजे कोणी पळाला की त्याचं सामान माझ्या बोकांडी?" ओळखपत्रवाला म्हणाला. "हा कसला रे नियम!"

"तू कूच केलीयस का कधी? नाही ना? मग गप नूडल्स खा. मी वाहिलंय दुसऱ्याचं ओझं. ज्याने हा नियम केला ना, त्याच्या खांद्यावर पट्ट्याचे वळ असणार. घरात बसून सुचणारी गोष्टच नाही ही."

"पण मला बायको मध्येच हाक मारते. मी उठलो की माझं ओझं तुमच्यावर."

"म्हणून तर लग्न झालेल्यांना टोळीत घ्यायचं नाही, असं ठरलंय आमचं."

"आणि ज्यांचं जमतच नाही त्यांना?"

"त्यांना पुढारी करायचं. त्यांना कुठे उठून जायचं असतं!"

दोघे मोठ्याने हसले. मी तोंड उघडले होते, ओप्पा. त्या सैनिकाला सांगणार होते की हा नियम घरातच, कोबीच्या मिठाने चरचरणाऱ्या हातांनी लिहिला गेला आहे. प्रत्यक्षात मी म्हणाले, "जरा खुर्ची सरकवता का?" त्याने सरकवली. फार सभ्य मुलगा होता.

मी चाचणीसाठी नाव दिले आहे. हजारांतून थोड्यांनाच सोडतीने घेणार आहेत. माझे नाव आले तर तुला कळवीन. नामावलीचे तू बघतो म्हणालास, म्हणून त्याविषयी पुन्हा लिहीत नाही.

दासोल


गुन्सान, २५ मे

चानसोल ओप्पा,

माझे नाव सोडतीत आले. तीन दिवसांची चाचणी काल संपली. रजा काढून मी सकाळपासून दुकाने बंद होईपर्यंत खेळले, आणि मला जे दिसले ते तुला सांगायलाच हवे, कारण हे सांगू शकणारे दुसरे कोणी नाही.

पहिली खिंड उघडली तेव्हा मी कानांवरचे यंत्र काढून बाजूला ठेवले आणि थोडा वेळ नुसती पाहत बसले. दगड मी लिहिले होते तसेच होते. डावीकडे वाकलेले पाइनचे झाडही होते. ते मी का लिहिले होते, हे मला स्वतःलाही आठवत नव्हते. आपल्याच हस्ताक्षरात चालत गेल्यासारखे वाटले. त्याबद्दल तुझे आभार मानायचे मनात आले होते. हेही लिहून ठेवते.

माझ्या टोळीत चार अनोळखी माणसे होती. पुढारी स्वतःला 'बुसानचा बोका' म्हणवत होता. आवाजावरून पन्नाशीचा वाटला.

"बाई, तुम्ही नवीन दिसताय," तो म्हणाला. "घाबरू नका. हे नियम डोक्यात शिरायला वेळ लागतो. बघा, तुम्ही नकाशात तुम्हाला दिसणार नाही. बिघाड नाहीये तो! मुद्दाम केलंय तसं. मी सांगेन तसं चालायचं."

"हो," मी म्हणाले.

"आणि पुलावरच्या म्हाताऱ्याला धनुर्विद्या देऊ नका. सगळे तीच चूक करतात."

"त्याला गाणे द्यावे," मी म्हणाले. "परतणारी माणसे गाणे लवकर सोडवून देतात, कारण त्यांना परतवाटेवर ते हवे असते."

मग एक बाई, जिने आपले नाव 'तिसरी सून' ठेवले होते, हसत म्हणाली, "अगं, तू आधी खेळली आहेस की काय?"

"हो. बऱ्याच वर्षांपूर्वी."

"ऐका हो, बोकाभाऊ! गेम अजून बाजारात यायचाय आणि ही म्हणे वर्षांपूर्वी खेळली! स्वप्नात का?"

सगळे हसले. मीही हसले असेन. आम्ही तिसरी खिंड एका फेरीत ओलांडली. बोक्याच्या म्हणण्यानुसार चाचणीत ते दुसऱ्या कोणालाही जमले नव्हते. निघताना तो म्हणाला, "मुलगी हुशार आहे हो. काय करतेस?" मी सांगितले, वाचनालयात कंत्राटी नोकरी आहे. "मग तरीच," तो म्हणाला. काय तरीच, ते त्याने सांगितले नाही.

आता मुद्दा. चौथ्या खिंडीत आमच्यातला एक जण उठून गेला. त्याचे ओझे आम्हा चौघांवर आले. पावले जड झाली, श्वासाचे आवाज बदलले. ते तू फार चांगले केले आहेस. आणि तेवढ्यात पडद्याच्या कडेला एक हसरा हमाल आला. तीन हजार वॉन भरा, तो ओझे घेऊन जाईल.

तिसरी सून म्हणाली, "भरते बाई, माझी पाठ दुखायला लागली." तिने भरले. तिचे ओझे गेले. उरलेले तिघे तसेच चाललो, आणि त्यानंतर कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. सहाव्या खिंडीत टोळी मोडली.

नवव्या पत्रात काय लिहिले होते, ते उघडून पाहा. गेलेला माणूस परत आला तरच ओझे उतरते. तो येईपर्यंत उरलेल्यांनी त्याला शिव्या द्याव्यात, त्याची वाट पाहावी, त्याच्यासाठी थांबावे. याखेरीज त्या नियमात काहीच नव्हते. हमाल कोणाचा आहे? तुझा की तुमच्या वरिष्ठांचा? वरिष्ठांचा असेल तर तू त्यांच्याशी भांडलास का?

नामावलीला नऊ आठवडे उरले. माझे नाव घालायचे असेल तर हमालाच्या नियमाखाली घालू नकोस, वेगळ्या ओळीत घाल. मला एवढा आग्रह धरता येतो असे मी समजते.

दासोल


गुन्सान, १३ जून

चानसोल ओप्पा,

मंगळवारी तू फोन केलास. दोन वर्षांत प्रथमच. आपण काय बोललो, ते मी तारखेसह लिहून ठेवत आहे, कारण यापुढे मला माझ्या स्मरणावर कोणी विश्वास ठेवील असे वाटत नाही.

तू म्हणालास, "दासोल, विषय वाढवू नकोस. कंपनीत तुझी पत्रं कोणी उघडली तर माझी पंचाईत होईल."

मी म्हणाले, "एक ओळ मागितली आहे."

"ती देता येत नाही. तुझं नाव आलं की विचारतील, ही कोण, हिचं काय काम. मी नियम माझे म्हणून दाखल केलेत. आणि तू लिहून दिलंयस ना तसं."

"काय लिहून दिले आहे?"

"कागद आहे माझ्याकडे. सहीच्या जागी तुझ्या नावाचा शिक्का आहे त्यावर. नाटक करू नकोस."

मग मी ऐकत राहिले आणि तू सपाट आवाजात वाचून दाखवलेस. 'मी, प्यो दासोल, खाली नमूद केलेल्या एकोणचाळीस नियमांची मूळ रचनाकार, सदर नियमांवरील सर्व हक्क स्वेच्छेने माझे थोरले बंधू प्यो चानसोल यांना देत असून, भविष्यात श्रेयाची कोणतीही मागणी करणार नाही.' खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीच्या नव्या चांद्रवर्षाची.

एकेचाळीसांपैकी दोन नियम तुला आवडले नव्हते, एवढेच मला त्या क्षणी सुचले.

फोन ठेवून मी दुकानात गेले. आई सोयाबीनचे मोड निवडत होती. आपल्या घरातल्या सगळ्यांचे शिक्के अजून तिच्याच लाल कापडी पिशवीत आहेत, तुला माहीतच आहे. बाबांचासुद्धा. शाळेचा प्रवेश, बँक, भाडेकरार, माझ्या नोकरीचे कंत्राट, सगळ्यांवर तिनेच ते मारले. सत्तावीस वर्षांत मी माझा शिक्का हातात धरलेला नाही, आणि तो मागावा असे मला कधी वाटलेही नाही. याचा दोष मी दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही.

"आई, ओप्पा नव्या वर्षाला आला तेव्हा त्याने माझा शिक्का घेतला होता का?"

"घेतला कुठे? मीच मारला. टेलिफोनचं काहीतरी होतं. घरातल्या सगळ्यांचं लागतं म्हणाला, स्वस्त पडतं."

"तू वाचले नाहीस?"

"पोटच्या पोराने आणलेला कागद वाचतात का गं? त्याने बोट ठेवलं तिथे मारला."

"मला विचारायचे होतेस. मी घरात होते."

"तू आत भजी तळत होतीस, हात पिठाने बरबटलेले. तोच म्हणाला, राहू दे, तिला कशाला उठवतेस." मग तिने मान वर करून पाहिले. "का गं? काही चुकलं का? बिल जास्त आलं का?"

मी म्हणाले, बिल आलेले नाही.

"मग झालं तर. घाबरवलंस मला." आणि ती पुन्हा मोड निवडू लागली.

ती भजी मला आठवतात, ओप्पा. तू दाराशी येऊन उभा राहिलास, ताटातून एक गरम भजे उचललेस आणि म्हणालास, "आपल्या घरात डोकं फक्त दासोलला आहे." गेली दोन वर्षे ते वाक्य मी जपून ठेवले होते. त्यानंतर तुझे फोन का थांबले, ते मात्र मला कळत नव्हते. मी समजत होते, तू कामात आहेस.

दासोल


गुन्सान, ३ जुलै

चानसोल ओप्पा,

नगर कार्यालयात दर गुरुवारी एक वकील विनामूल्य सल्ला देतात. मी गेले होते. तू घाबरशील म्हणून नव्हे, तर सगळे क्रमाने सांगायचे ठरवले आहे म्हणून लिहिते.

गृहस्थ वयस्कर आणि थकलेले होते. माझ्या आधी नळाच्या गळतीवरून भांडणारे दोन शेजारी बसले होते, आणि त्यांच्या ओरड्याने वकिलांचे डोके दुखत असावे. मी कागदाची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारले, "शिक्का तुमचाच?"

"हो."

"मारला तुम्ही?"

"नाही."

"मग सोपं आहे. कागद खोटा ठरतो." त्यांनी वही पुढे ओढली. "मारला कोणी?"

मी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हे बघा, दोनच वाटा आहेत. तुम्ही मारला, तर कागद खरा, घरी जा. दुसऱ्याने मारला, तर तो खोटा, आणि मग तो कोणी मारला ते नाव घेऊन सांगावं लागतं. मी लिहितो, तुम्ही सांगा. भाऊ?"

"भावाने नुसते बोट ठेवले."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना कळले असावे. अशी माणसे त्यांच्यासमोर बरीच येत असतील. "आई?" ते हळू आवाजात म्हणाले. "काय वय?"

"एकसष्ट."

"पोलीस बोलावतील. दोनदा तरी. तिला सांगावं लागेल की तिने तुम्हाला न विचारता मारला. तुमच्यासमोर. आणि मुलगा म्हणेल, मला वाटलं, बहिणीला माहीत आहे. तो सुटेल, ती अडकेल." त्यांनी वही मिटली. "चांगली मुलगी दिसता तुम्ही. काय होतं त्या कागदात? जमीन?"

"खेळाचे नियम," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी छत्री घेऊन उठले.

बसथांब्यावर उभी असताना मला उलगडले. तू आईशी खोटे बोलून माझा शिक्का मारून नेलास, एवढेच मी तोपर्यंत समजत होते. परंतु तू मला दुसऱ्या खोलीतून हाक मारून तो मागितला असतास, तर मीच दिला असता. तेव्हा मी तुला काहीही दिले असते. हे तुला माहीत होते. तरीही तू आईच्या हातून तो मारून घेतलास, कारण मी दिलेले मी कधीतरी परत मागू शकले असते. आईने दिलेले मागायचे, तर मला आधी तिला पोलिसांसमोर उभे करावे लागते. 'आठव्या खिंडी'त इतका पक्का एकही नियम नाही. हा नियम मात्र निःसंशय तुझा स्वतःचा आहे. त्याचे श्रेय मी कोठेही मागणार नाही.

आईला मी काही सांगितलेले नाही. सांगणारही नाही. तिचा मुलगा मासिकाच्या मुखपृष्ठावर आहे, आणि ते मासिक दुकानात वजनकाट्याच्या मागे, तेल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून लावलेले आहे.

नामावली पक्की व्हायला अठ्ठावीस दिवस आहेत. मी वकिलाकडे पुन्हा जाणार नाही, त्यामुळे तुला कशाचीही सक्ती नाही. तरीही माझे नाव घालता येईल. आता ते केवळ तुझ्यावर आहे. तुला कोणी विचारले, ही कोण, तर बहीण म्हण. तेवढे तरी खरे आहे.

दासोल


गुन्सान, २२ ऑगस्ट

चानसोल ओप्पा,

'आठवी खिंड' परवा दुपारी खुली झाली. अभिनंदन. शहरातल्या सगळ्या पीसी-बांगांबाहेर रांगा होत्या. आमच्या वाचनालयातले दोन कर्मचारी आजारी पडले, आणि त्यांच्या आजाराचे नाव सर्वांना ठाऊक होते.

शेवटची नामावली पाहण्यासाठी आठही खिंडी ओलांडाव्या लागत नाहीत, मुख्य पानावरून ती थेट उघडते, असे आमच्या हिशेबनीस बाईंनी सांगितले. मी दुपारच्या सुट्टीत उघडली. एकूण सहाशे चौदा नावे आहेत. मी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा खालून वर. कार्यालयाला जेवण पुरवणाऱ्या बाईंचे नाव आहे, ते मला आवडले. खेळाचे काम चालू असताना कर्मचाऱ्यांना झालेल्या सात बाळांची नावे आहेत. 'मनोधैर्य विभाग' या शीर्षकाखाली तुमच्या कार्यालयातल्या तुबू नावाच्या मांजराचे नाव आहे. 'खेळरचना आणि नियम' या शीर्षकाखाली तुझे एकट्याचे आहे.

आणि अगदी शेवटी, रिकाम्या पडद्यावर, 'माझी आई चा बोकसुन हिच्या हातांना'.

त्या हातांनी काय काय केले, हे वाचणाऱ्यांना कळायचे कारण नाही. तू ते लिहिताना तुला कळत होते की नाही, याचा मी बराच विचार केला. कळत नसेल असे मानणे मला अधिक सोयीचे वाटते.

आईला शेजारच्या मासळीवालीच्या मुलीने फोनवर दाखवले. मी घरी आले तेव्हा ती ओट्यावर बसून रडत होती, आणि मासळीवाली तिच्या पाठीवर थापा मारत म्हणत होती, "आता कसलं दुकान करतेस बाई! आख्ख्या देशाने तुझं नाव वाचलं."

"दासोल, पाहिलंस का गं?" आई म्हणाली. "माझं नाव! मी काय केलं? मी तर नुसती किमची पाठवली!"

"पाहिले, आई."

"तुझं कुठे आहे? मला चष्म्याविना सापडलं नाही. मधे कुठेतरी असेल ना? तूसुद्धा किती पत्रं लिहायचीस त्याला."

मासळीवाली माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणाले, "मी केलेले काम कागदावर आहे, ते पडद्यावर दाखवत नाहीत."

"असं होय," आई म्हणाली. तिचे समाधान झाले.

आज मी शिक्के कोरणाऱ्याकडे जाऊन स्वतःसाठी नवा शिक्का करून घेतला. त्याने विचारले, "जुना हरवला का?" मी हो म्हणाले. नवा मी दुकानात ठेवणार नाही.

आता ओळ नको. पुढच्या दुरुस्तीत नाव घालतो, असे सांगायला फोन करू नकोस. मी उचलणार नाही. माझ्या पत्रांच्या नकला माझ्याकडे नव्हत्या, आणि मूळ पत्रे तू परत करशील अशी माझी अपेक्षा नाही. मागणे एकच आहे, आणि ते तुला जड जाऊ नये. तू फोनवर वाचून दाखवलास त्या कागदाची एक छायाप्रत मला पाठव. हक्क सोडल्याचा मजकूर झाकून पाठवलास तरी चालेल. त्याच्या वरच्या ओळीत, माझ्या नावापुढे, 'नियमांची मूळ रचनाकार' असे लिहिलेले आहे. ते तू स्वतः टंकलेले आहेस. साऱ्या जगात ते फक्त तिथेच लिहिलेले आहे, आणि मी ते अजून डोळ्यांनी पाहिलेले नाही.

साध्या टपालाने पाठव. वाचनालयाच्या पत्त्यावर, माझ्या नावाने.

प्यो दासोल